अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा पीडीए: टाके की कॅथेटर?

आईच्या पोटात बाळाची महारोहिणी आणि फुफ्फुसाची धमनी एका छोट्या नळीने जोडलेली असते. जन्मानंतर ती आपोआप मिटते. अपुऱ्या दिवसांच्या बाळात बरेचदा मिटत नाही; या उघड्या राहिलेल्या नळीलाच पीडीए म्हणतात. कित्येकदा ती पुढे आपसूक बंद होते, काहींना इंडोमेथासिन, आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल दिले जाते. तरीही व्हेंटिलेटर सुटत नसेल, तर पुढचे दोन मार्ग उरतात: शस्त्रक्रिया किंवा कॅथेटर.

शस्त्रक्रिया जुनी. बोस्टनमध्ये रॉबर्ट ग्रॉस यांनी 1938 मध्ये ही नळी प्रथम बांधली. डाव्या बरगड्यांमधून छाती उघडतात. मोठा फायदा म्हणजे बाळाला एनआयसीयूतून (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून) हलवावे लागतेच असे नाही. पण स्वरयंत्राची नस तिथूनच जाते. ती दुखावली तर आवाज बसतो, दूध गिळताना त्रास होतो. नंतरच्या काही तासांत रक्तदाबही कोसळू शकतो.

कॅथेटरमध्ये छातीला हात लागत नाही. मांडीच्या शिरेतून बारीक नळी, म्हणजेच कॅथेटर, हृदयात नेऊन पीडीएमध्ये तारांच्या जाळीचे बूच बसवतात. पिकोलो नावाच्या अशा बुचाला अमेरिकेत 2019 मध्ये 700 ग्रॅमपासूनच्या बाळांसाठी मान्यता मिळाली. डोळ्यांपुढे आणा, वाटाण्याहून लहान बूच! धोके इथेही आहेत: ते निसटू शकते, शेजारच्या धमनीत अडथळा आणू शकते, शिवाय कॅथलॅबपर्यंतच्या (जिथे हे कॅथेटरचे काम होते त्या खोलीपर्यंतच्या) प्रवासात बाळ गार पडते.

अनुभवी चमू असेल तर मी कॅथेटरच निवडेन. नसेल, किंवा बाळ हलवण्याजोगे नसेल, तर सरावलेल्या शल्यविशारदाचे टाके बरे.