पाचशे रुपयांत कळलं, वावर आपलं नाही

चार तारे देतोय. पाचवा कुठे कापला ते शेवटी.

अमळनेरला एका बोळात, पहिल्या मजल्यावर या वकील मॅडमचं ऑफिस आहे. कामं बहुतेक शेतजमिनीची. सल्ल्याची फी 500 रुपये, आधीच सांगतात.

माझं प्रकरण असं. आमच्या वावराला लागून सूरतच्या नानांचे तीन बिघे आहेत. नाना म्हणजे वडिलांचे मावसभाऊ. 1997 ला ते लूमवर कामाला सूरतला गेले, तेव्हापासून ते वावर आधी बाबांनी केलं, आता मी करतो. गेल्या वर्षी शेजारचा रस्ता रुंद झाला आणि नानांच्या पोराने फोनवर प्लॉटवाल्यांची गोष्ट काढली. माझ्या पोटात गोळाच आला. त्यात मोबाईलवर रोज एक रील, 'बारा वर्षं कब्जा, जमीन तुमची'. मी तर दुप्पट वर्षं करून बसलो होतो. एक सल्लागारही भेटला, 25 हजारांत फेरफार करून नाव लावून देतो म्हणे. त्याला पैसे देण्याआधी इथे आलो, हे माझं नशीब.

मॅडमनी सातबारा बाजूला सारला आणि एवढंच विचारलं, "पहिल्यांदा वावरात नांगर कसा गेला?"

मी म्हटलं, नानाच बोलले होते बाबांना, पडीक पडण्यापेक्षा तू कर.

"मग भाऊ, 28 वर्षांतलं एकही वर्ष मोजता येणार नाही."

पुढचा अर्धा तास त्यांनी जे सांगितलं त्यात फी वसूल झाली. 1963 चा मुदत कायदा खासगी जमिनीला 12 वर्षं आणि सरकारीला 30 वर्षं धरतो, इथपर्यंत रीलवाले बरोबर आहेत. पण ही वर्षं वावरात पाय ठेवल्यापासून मोजत नाहीत. मालकाच्या डोळ्यांदेखत, त्याचा हक्क नाकारून, 'ही माझी' म्हणून उघड वहिवाट सुरू केली, तिथून मोजतात. मालकाने 'कर' म्हटलं म्हणून करणाऱ्याचा ताबा कितीही जुना झाला तरी तो परवानगीचाच. 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने रवींदर कौर ग्रेवाल प्रकरणात सांगितलं की हक्क नाकारून बारा वर्षं उघड वहिवाट केलेला कब्जेदार फक्त बचावात नाही, स्वतः दावा लावूनही मालकी मागू शकतो. रीलमध्ये हेच फिरतंय. सिद्ध करायचा बोजा मात्र सगळा कब्जेदारावर, हे कुणी सांगत नाही.

मी पीक पाहणीचा कागद पुढे केला. त्या म्हणाल्या, पेरलं कोणी ते यातून दिसेल, वावर कोणाचं ते नाही. फेरफारानेही मालकी मिळत नाही, तो वाद दिवाणी कोर्टाचा. म्हणजे ते 25 हजार बोरी नदीत टाकल्यासारखेच होते.

मग म्हणाल्या, नानांशी व्हॉट्सअ‍ॅपवर बोलता का? दाखवा. दरवर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी आम्ही दादर ज्वारीची दोन पोती सूरतच्या गाडीने पाठवतो. यंदाचा माझाच मेसेज वर होता: 'नाना, दादर पाठवली. यंदा तुमच्या वावरात जरा कमी आली.' मॅडमनी 'तुमच्या' या शब्दावर बोट ठेवलं आणि हसल्या. चिडून नाही, पण मला फोन खिशात घालावासा वाटला.

विचारायला नको होतं, तरी विचारलं. पोती पाठवणं बंद केलं तर?

"नुसती पोती बंद करून होत नाही. नानांना तोंडावर सांगा की वावर माझं. तिथून बारा वर्षं. तोवर ते गप्प बसतील का?"

मी आत्ता 51 चा. घरी हिला सांगितलं तर म्हणाली, "नानाले काय तोंड दखाडशात?" ही पाचशेही न घेता तिथेच येऊन पोचली.

मॅडमचं म्हणणं, दावा विसरा. नानांना विकायचंच असेल तर पहिलं गिऱ्हाईक तुम्ही व्हा, खरेदीखत नोंदवा. केस लावली असती तर त्यांना चार-पाच वर्षं फी मिळाली असती, तरी लावू नका म्हणाल्या. चार तारे त्याचे.

कापलेला तारा: वेळ 11 ची, नंबर लागला दीडला. बाकावर चार माणसं, पंखा एक, तोही क्लार्कच्या डोक्यावर. चार पानांच्या झेरॉक्सचे त्याने 40 रुपये घेतले. आणि सल्ला तोंडीच, लेखी हवा तर वेगळी फी. झेरॉक्स खालून काढून न्या.

रविवारी सूरतला जातोय. नाना भाव काय सांगतात बघू. जमलं तर खरेदीखत याच मॅडमकडून करून घेईन, पण सकाळी नऊलाच जाऊन बसेन.