वेगा: निकालाच्या पुढची पानं वाचणाऱ्यांसाठी

कापडाच्या प्रक्रियेत लागणारे सर्फॅक्टंट (साबणासारखे पदार्थ) आणि रंगांचे इंटरमीजिएट (रंग बनवतानाचे मधले पदार्थ) हा माझा रोजचा उद्योग. त्यामुळे ‘वेगा’ माझ्या कॉम्प्युटरवर जवळजवळ कायम उघडं असतं. मिलानच्या मारिओ नेग्री संशोधन संस्थेच्या पुढाकाराने तयार झालेलं, रेणूच्या रचनेवरून त्याच्या गुणधर्मांचा आणि धोक्यांचा अंदाज देणारं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, जावावर चालतं आणि एकदा उतरवून घेतलं की आपल्याच मशीनवर काम करतं. अजून पेटंट न घेतलेला रेणू बाहेरच्या कुठल्या सर्व्हरवर पाठवावा लागत नाही, हा माझ्या दृष्टीने त्याचा पहिला गुण.

वापर सोपा आहे. रेणूची रचना स्माइल्स पद्धतीने, म्हणजे अक्षरांच्या एका ओळीत, टाइप करायची; हेक्झेन असेल तर कार्बनचं अक्षर नुसतं सहा वेळा ओळीने. मग यादीतून मॉडेलं निवडायची: जीवाणूंवर होणाऱ्या एम्स चाचणीत हा पदार्थ जनुकीय बदल घडवेल का, पाण्यात सहज कुजेल का, माशाच्या अंगात साठेल का, त्वचेला ॲलर्जी आणेल का. बटण दाबलं की थोड्याच वेळात पीडीएफ हजर. सहज कुजतो की नाही हे प्रयोगशाळेत ठरवायचं तर ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची ३०१ क्रमांकाची चाचणी २८ दिवस चालते, आणि त्याआधी तो पदार्थ बनवून, शुद्ध करून हातात असावा लागतो. कागदावरच्या डझनभर रचनांमधून कुठले दोन-तीन रेणू फ्लास्कपर्यंत न्यायचे, एवढं ठरवायला वेगा आहे. ‘हा पदार्थ सुरक्षित आहे’ असं प्रमाणपत्र हवं असणाऱ्यांनी इथे येऊच नये.

पीडीएफच्या सुरुवातीलाच निकाल असतो. बहुतेक लोक तिथेच थांबतात, आणि खरा माल त्याच्या पुढे आहे. तिथे आपल्या रेणूशी सर्वांत जास्त मिळतेजुळते सहा पदार्थ चित्रांसकट दिलेले असतात. प्रत्येकाचं प्रयोगातून आलेलं उत्तर आणि मॉडेलने दिलेलं उत्तर शेजारी शेजारी. त्यापुढे ‘ॲप्लिकेबिलिटी डोमेन’चा निर्देशांक, शून्य ते एक. आपला रेणू मॉडेलच्या ओळखीच्या टापूत आहे, काठावर आहे की पार बाहेर, हे तो सांगतो. हा आकडा कशाकशातून आला तेही सुटं करून दाखवलेलं असतं: हे ‘शेजारी’ पदार्थ किती जवळचे, त्यांच्या बाबतीत मॉडेल किती बरोबर ठरलं, त्यांची उत्तरं आपल्या उत्तराशी जुळतात का, आपल्या रेणूत मॉडेलने कधी न पाहिलेला तुकडा आहे का. ओईसीडीने २००४ मध्ये अशा मॉडेलांसाठी पाच तत्त्वं मान्य केली, त्यातलं तिसरं याच टापूबद्दल आहे. तत्त्व कागदावर असणं वेगळं आणि ते प्रत्येक अहवालात डोळ्यांसमोर आणून ठेवणं वेगळं.

एक सावधगिरी. नवीन माणूस हे सॉफ्टवेअर पारखायला ओळखीचेच पदार्थ टाकून बघतो आणि खूश होतो. ते पदार्थ बहुधा मॉडेलच्या प्रशिक्षण संचातच, म्हणजे ज्यांवरून मॉडेल शिकलं त्या पदार्थांतच, असतात. पेपर आधीच फुटलेल्या परीक्षेतले मार्क आहेत ते. प्रयोगातलं मूल्य हाताशी असेल तर वेगा ते मूल्य स्वतंत्रपणे दाखवतं, तेव्हा आधी तिकडे नजर टाका.

माझ्या टेबलावरचं एक उदाहरण. नोनिलफिनॉल इथॉक्सिलेटला पर्याय शोधायचा होता. हा भिजवणारा पदार्थ म्हणून झकास, पण सांडपाण्यात त्याची इथॉक्सी शेपटी झडत जाते आणि मागे नोनिलफिनॉल उरतं, जे माशांमध्ये इस्ट्रोजेनसारखं वागतं. युरोपात धुता येणाऱ्या कापडात त्याचं प्रमाण ०.०१ टक्क्यापेक्षा कमी हवं, हा नियम फेब्रुवारी २०२१ पासून लागू आहे. आमच्या यादीत फांद्या असलेल्या अल्कोहोलचं एक इथॉक्सिलेट होतं. फेस कमी म्हणून विक्री विभागाचं लाडकं. वेगाने निकाल दिला: सहज कुजणारा. निर्देशांकही वाईट नव्हता. मग मी शेजारी पाहिले. सगळ्यांच्या साखळ्या सरळ, एकालाही चौबाजूंनी कार्बनने वेढलेला कार्बन नाही. आमच्या रेणूत नेमका तसा कार्बन होता, आणि जीवाणू कार्बन साखळी टोकाकडून दोन-दोनने तोडत येतात ते अशाच जागी अडतात. एकूण सारखेपणा मोजताना ही एक गाठ बाकीच्या लांबलचक शेपटीत बुडून गेली होती. रेणू यादीतून गेला. त्याच्या जागी मधोमध एस्टरचा जोड असलेली रचना काढली, कारण एस्टर पाण्यात तुटतो आणि तुकडे जीवाणूंच्या घशाखाली उतरतात. लाडकं गेल्याचा राग विक्रीवाल्यांना अजून आहे. असो.

एम्सच्या बाबतीत वेगा मला जास्त आवडतं, कारण एकाच प्रश्नाला तिथे वेगवेगळ्या जातींची मॉडेलं आहेत. एक तज्ज्ञांनी लिहिलेल्या नियमांवर चालतं, एक नुसतं शेजाऱ्यांकडे बघून मत देतं, आणि सर्वांचं मिळून एक एकत्रित मतही मिळतं. औषधांतल्या अशुद्धींसाठीची आयसीएच या आंतरराष्ट्रीय मंडळाची एम७ मार्गदर्शिकाही नियमांवर आधारलेलं एक आणि संख्याशास्त्रीय एक, अशी दोन मॉडेलं मागते. दोघांत भांडण झालं की मी ‘रीझनिंग’चा भाग उघडते: कुठल्या तुकड्याने घंटा वाजवली ते तिथे लिहिलेलं असतं. ॲरोमॅटिक अमाइन (बेंझीनसारख्या कड्याला जोडलेला नायट्रोजनचा गट) दिसलं की घंटा वाजणारच. त्याच कड्यावर सल्फोनिक आम्लाचा गट बसवला की धोका बराच उतरतो, कारण विद्युतभार असलेला तो रेणू पेशीत सहज शिरत नाही.

आता उणीव, आणि ती मोठी आहे. वेगा तुम्ही काढलेल्या रेणूबद्दलच बोलतं. तो शरीरात किंवा नाल्यात गेल्यावर त्याचं काय होतं, हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. ॲझो रंग (दोन अर्धे नायट्रोजनच्या दुव्याने जोडलेला) संपूर्ण टाकला तर निकाल गोंडस येऊ शकतो. पण ॲझोचा दुवा आतड्यातले जीवाणू तोडतात, आणि बेंझिडीनसारखी अमाइन त्यातूनच बाहेर पडतात. म्हणून रंगाचे दोन्ही अर्धे मी हाताने तोडून वेगवेगळे टाकते.

द्रावकाचं उदाहरण आणखी बोलकं आहे. हेक्झेन आणि हेप्टेन एकापाठोपाठ चालवा. हेप्टेन एका कार्बनने लांब, म्हणून तेलात जास्त विरघळणारा. हेक्झेनचा लॉग-पी (पाण्यापेक्षा तेलात किती विरघळतो याचं माप) साधारण ३.९, हेप्टेनचा त्याहून वर. नुसती साठवणुकीची मॉडेलं बघणारा हेक्झेन उचलेल. पण यकृत हेक्झेनपासून २,५-हेक्झेनडायोन हा डायकीटोन बनवतं, ते मज्जातंतूंतल्या प्रथिनांना चिकटतं, आणि बूट चिकटवण्याच्या कामात हेक्झेन हुंगणाऱ्या कामगारांचे हातपाय त्यानेच लुळे पडले. हेप्टेनपासून तसा डायकीटोन फारच थोडा तयार होतो. वर सांगितलेल्या चारांपैकी एकाही मॉडेलला हा प्रश्न विचारलेलाच नाही, तर ते उत्तर कुठून देणार? चयापचयाचे सिम्युलेटर हवेत तर ओईसीडीचा क्यूसार टूलबॉक्स (असंच दुसरं सॉफ्टवेअर) घ्या. तोही फुकट आहे, फक्त अंगाने बराच जड आणि शिकायला वेळखाऊ. मी दोन्ही वापरते: चाळणीला वेगा, उरलेल्या मूठभर रेणूंसाठी टूलबॉक्स.

पॉलिमर, धातूंची संयुगं, मिश्रणं यांच्यासाठी हे बनलेलं नाही. क्षारांच्या बाबतीत कुठला आयन तपासतोय हे आपणच आधी ठरवायचं. दिसायला सॉफ्टवेअर साधंसुधं, त्याचं मला काही वाटत नाही.

अहवाल जपून ठेवताना मॉडेलचं नाव आणि आवृत्तीचा क्रमांकही राहू द्या. आवृत्ती बदलली की प्रशिक्षण संच बदलू शकतो आणि त्याच रेणूचं उत्तरही. निकालाची ओळ तेवढी कापून तक्त्यात चिकटवणारे आणि शेजाऱ्यांचं पान टाकून देणारे लोक मी पाहिले आहेत. युरोपच्या रसायनांसाठीच्या रीच कायद्यात अशा अंदाजांना जागा आहे, पण रेणू मॉडेलच्या टापूत बसतो हे दाखवायची अट घालून. ते दाखवणारं पान नेमकं टाकून दिलेलंच असतं.