अँटन पीक या डच चित्रकाराच्या चित्राचं 1000 तुकड्यांचं पझल, लेकरांसाठी आणलं आणि आख्खं घर बसलं

मावसभाऊ हॉलंडला असतो, दिवाळीला परभणीला आला तेव्हा हे घेऊन आला, तिकडं 15-16 युरोला मिळालं म्हणे. तेव्हा कपाटावर ठेवलं ते थेट मे महिन्यात काढलं. बाहेर पाय टाकता येईना असं ऊन आणि घरात आम्ही बर्फ पडलेली गल्ली जोडायलो होतो.

चित्रात जुनी गल्ली आहे, बेकरीच्या काचेमागं पाव मांडलेत, दारावर कंदील, एक म्हातारी शाल गुंडाळून चाललीय. याच्या आधी समुद्राचं एक पझल घेतलं होतं, त्यात निळे तुकडे सगळे सारखेच, लेकरं चौथ्या दिवशी कंटाळली. इथं तसं होतच नाही, कारण या माणसानं एक वीट दुसरीसारखी काढलेली नाही. एकीचा कोपरा उडालेला, एकीचा रंग उतरलेला, कौलं मधेच खचलेली, त्यामुळं तुकडा हातात घेऊन नीट बघितला की त्याची जागा सापडतेच.

आमची आई रोज शेजारी येऊन बसायची. तिचं माहेर सेलूकडचं, माळवदाचं घर, ढेलज, सागवानी खांब, भिंतीत देवळ्या. एक हिरवट डागाचा तुकडा आम्ही अर्धा तास वरच्या भिंतीला लावून बघायलो होतो, तर आई म्हणली, अरे ओल खालून चढती, ते खाली नालीपाशी बघ. खाली लावला, बसला. पीकला जुनं घर कसं जुनं होतं ते पक्कं माहीत होतं, मला तर या एका तुकड्यातच हा माणूस कळला.

मग मी त्याच्याबद्दल वाचत बसलो. जन्म 1895, डेन हेल्डर गावचा, जुळा भाऊ, तोही चित्रकारच. हा शाळेत चित्रकलेचा मास्तर होता, तेही 1920 ते 1960, म्हणजे 40 वर्षं, आणि नोकरी सांभाळून ग्रिमच्या परीकथांची चित्रं केली, अरेबियन नाइट्सचे 8 खंड सजवले. दुसऱ्या महायुद्धात हॉलंडवर जर्मनांचा ताबा होता तेव्हा लपलेल्या लोकांसाठी खोटी ओळखपत्रं बनवून द्यायचा, इतका बारीक हात होता. 1952 ला हॉलंडमधल्याच काट्सहूवेल गावात एफ्टेलिंग नावाच्या मनोरंजन पार्कचं परीकथांचं जंगल उघडलं, त्यातली घरं त्याच्याच डिझाइनची. तिथं पण अट घातली की सामान खरं वापरायचं, जुन्या विटा, जुनी कौलं, नकली काही चालणार नाही. तिथली कचराकुंडी म्हणजे तोंड उघडून बसलेला एक ढेरपोट्या माणूस, तो ‘कागद इकडं’ म्हणून ओरडतो, लेकरं कागद शोधून शोधून आणून टाकतात, ती पण याचीच. 1987 ला वारला. हातेम गावात त्याचं म्युझियम आहे, भाऊला सांगितलंय जाऊन फोटो पाठव म्हणून.

आता पझलचं. छपाई एक नंबर, कंदिलाचा पिवळा उजेड बर्फावर पडलाय तो सुद्धा साफ दिसतो. पुठ्ठा जाड आहे, तुकडे घट्ट बसतात. खालच्या डाव्या कोपऱ्यातला बर्फ मात्र अवघड, तिथं फक्त आकारावरून लावावं लागतं, मोठ्यांनीच करावं. माप साधारण 68 बाय 49 सेंमी, तेवढं प्लायवूड आधी आणून ठेवा. आणि कूलरसमोर अजिबात मांडू नका, दमट हवेनं आमचे काठाचे तुकडे फुगले, दोन दिवस वहीखाली दाबून ठेवावे लागले.

एक तुकडा कमी निघाला, 999 च भरले. कंपनीला मेल केला, 20 दिवस झाले उत्तर नाही, हे बरोबर नाही, याचा एक स्टार कमी. पोरीनं मग बिस्किटाच्या पुड्याचा पुठ्ठा कापून वीट रंगवली, कोपरा उडालेलीच काढली. पुढच्या महिन्यात नांदेडला बहिणीकडं पाठवायचंय, तो तुकडा वेगळ्या पाकिटात घालून.