सिंगापूर बोटॅनिक गार्डन : झाडांचं वेड असेल तर अख्खी सकाळ राखून ठेवा

सिंगापूरला निघालेल्या आपल्या लोकांच्या यादीत युनिव्हर्सल असतं, सेंटोसा असतं, मुस्तफा तर असतंच असतं, आणि बोटॅनिक गार्डन असलंच तर "ऑर्किड गार्डन, 1 तास" एवढंच लिहिलेलं असतं. बस गेटवर सोडते, फोटो काढून होतात, परत बस. ज्यांना बागकामात काही गम्य नाही त्यांना तेवढं पुरतं, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण तुमच्याकडे गच्चीत, अंगणात, खिडकीत चार कुंड्या असतील आणि झाड का जगतं आणि का मरतं हा प्रश्न तुम्हाला पडत असेल तर एखादा मॉल रद्द करा आणि अख्खी सकाळ इथे द्या, अगदी मनापासून सांगतेय.

आधी व्यवहाराचं सांगते. बागेत जायला पैसे लागत नाहीत, पहाटे 5 ते रात्री 12 उघडी असते. तिकीट फक्त आतल्या नॅशनल ऑर्किड गार्डनला, मी गेले तेव्हा बाहेरून आलेल्यांना 15 सिंगापूर डॉलर होतं. पूर्ण बाग 82 हेक्टर म्हणजे दोनशे एकर, त्यामुळे पायात चांगले बूट हवेतच. मेट्रोची दोन स्टेशनं जवळ पडतात, एका टोकाला नेपियर आणि दुसऱ्या टोकाला बोटॅनिक गार्डन्स नावाचंच. नेपियरला उतरून टँगलिन गेटने आत शिरा आणि चालत चालत दुसऱ्या टोकाला बाहेर पडा, म्हणजे त्याच रस्त्याने परत यावं लागत नाही. सातच्या आत पोचा, दहानंतर घामाने जीव नकोसा होतो.

आता ऑर्किड. आपल्याकडे काय होतं, नर्सरीतून फुललेलं डेन्ड्रोबियम आणतात, माती आणि शेणखत भरलेल्या कुंडीत लावतात, मोगऱ्याला घालतात तसं पाणी घालतात आणि मग मुळं कुजली की "ऑर्किड आपल्याकडे होत नाही" म्हणून मोकळे. इथे व्हांडा जातीची ऑर्किडं बघा, टोपलीत लटकवलेले, टोपलीत काहीही नाही, हातभर लांब मुळं नुसती हवेत लोंबतायत! यातली बरीच ऑर्किडं रानात झाडाच्या फांदीवर वाढणारी, त्यांच्या मुळांवर पांढुरक्या मेलेल्या पेशींचं स्पंजी आवरण असतं, त्याला व्हेलामेन म्हणतात, ते पावसाचं पाणी झटकन शोषून घेतं आणि मग त्याला मोकळी हवा लागते. पाणी पडलं की तीच मुळं हिरवी दिसायला लागतात, सकाळी पाणी मारल्यावर गेलात तर हा रंगबदल समोर बघायला मिळतो. पुस्तकात दहा वेळा वाचून जे डोक्यात शिरत नाही ते इथे मिनिटभरात कळतं. आणि आपल्या कोकणात पावसाच्या तोंडाला आंब्या-फणसाच्या खोडावर सीतेची वेणी फुलते ना, तीही ह्याच कुळातली, तिला कुठे कोण माती घालतं?

एक मात्र लक्षात ठेवा, सिंगापूरला पाऊस बाराही महिने आणि हवा कायम दमट, त्यामुळे तिथलं जसंच्या तसं पुण्या-नाशकात करायला गेलात तर एप्रिलमध्ये मुळं वाळून जातील. पुण्या-नाशकात नारळाची सोडणं, कोळसा, विटेचे तुकडे असं थोडा ओलावा धरणारं काहीतरी द्यावंच लागणार. चिपळूण-रत्नागिरीवाल्यांचं काम त्यामानाने सोपं आहे.

ऑर्किड गार्डनमध्ये लोकांची सगळ्यात जास्त गर्दी मोठ्या माणसांची नावं दिलेल्या ऑर्किडांपाशी असते, नेल्सन मंडेला आहेत, 2018 पासून नरेंद्र मोदींच्या नावाचं डेन्ड्रोबियमही आहे. फोटो काढा, पण ही नवी नवी झाडं तयार होतात कशी ते समजून घ्या, खरी मजा त्यात आहे. ऑर्किडचं बी म्हणजे नुसती धूळ, त्यात रोपासाठी खाऊच नसतो, रानात एक बुरशी त्याला पोसते तेव्हा कुठे ते रुजतं. मग बागेत हजारो रोपं करायची कशी? 1920च्या दशकात अमेरिकेत नडसन नावाच्या शास्त्रज्ञाने साखर आणि क्षार घातलेल्या अगारवर (समुद्री शेवाळापासून केलेल्या जेलीवर), बुरशीशिवाय, बाटलीत बी रुजवून दाखवलं, आणि 1928 पासून ह्या बागेचे तेव्हाचे प्रमुख एरिक होल्टम यांनी तीच पद्धत वापरून संकर करायचा सपाटा लावला. त्यानंतर ह्या भागात ऑर्किडचा मोठा व्यापार उभा राहिला. त्यांचं राष्ट्रीय फूल व्हांडा मिस जोकिम त्याच्याही आधीचं, 1893 मधलं, अ‍ॅग्नेस जोकिम ह्या आर्मेनियन बाईंच्या बागेतलं. तेही बघा, भर उन्हात खांबांना बांधलेलं असतं, म्हणजे "ऑर्किड म्हणजे सावलीतलं झाड" हेही सरसकट खरं नाही.

कूल हाउस म्हणून एक थंड केलेलं काचघर आहे, उंच डोंगरातल्या ढगाळ जंगलातली झाडं त्यात ठेवलीत. सुंदर आहे, आणि तोवर घामाघूम झालेले असता त्यामुळे तिथून पाय निघत नाही.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे रबराची. 1877 मध्ये लंडनच्या क्यू गार्डनकडून रबराची 22 रोपं इथे आली, पण मळेवाले कॉफी सोडून रबराकडे वळायला तयार नव्हते. 1888 मध्ये हेन्री रिडली बागेचे प्रमुख झाले आणि दिसेल त्या मळेवाल्याला रबराचं बी घ्या म्हणून गळ घालत फिरले, लोक त्यांना वेडा रिडली म्हणायचे. त्यांचं मोठं काम म्हणजे चीक काढायची पद्धत. चिकाच्या नळ्या सालीच्या आतल्या भागात असतात आणि त्याच्याही आत कॅम्बियमचा थर, जिथून नवी साल तयार होते. कुऱ्हाडीने घाव घातला की तो थर दुखावतो आणि झाड खराब होतं, रिडलींनी माशाच्या काट्यासारखे तिरके, उथळ काप द्यायला सुरुवात केली, चीक वाहतो, कॅम्बियम शाबूत राहतो, साल भरून येते आणि तेच झाड वर्षानुवर्षं चीक देत राहतं. पुढे मलाया (आजच्या मलेशियाचा भाग) रबरावर श्रीमंत झाला. आज दोडामार्ग-सावंतवाडीकडे रबराच्या बागांत सकाळी सकाळी साल तासताना दिसतात त्यामागेही हेच तत्त्व आहे, म्हणून आपल्या लोकांनी हे जरूर बघावं. 2015 मध्ये युनेस्कोने ह्या बागेला जागतिक वारसा म्हटलं त्यात ह्या रबराच्या कामाचा मोठा वाटा आहे.

जिंजर गार्डन चुकवू नका, ऑर्किड गार्डनच्या अगदी जवळ आहे आणि फुकट आहे. हळद, आलं, वेलची, सोनटक्का, केळ, कर्दळ हे सगळे वनस्पतीशास्त्रात एकाच गणातले, आणि इथे ते जवळजवळ लावल्यामुळे पानांची गुंडाळी आणि केळीच्या खोडाचा तो फसवा प्रकार (ते खोड नसतंच, पानांचे खालचे भाग एकमेकांवर गुंडाळलेले असतात) शेजारी शेजारी ताडून बघता येतो. परसात हळद लावणाऱ्या प्रत्येकाने इथे अर्धा तास काढावा.

टेंबुसू नावाचं एक जुनं झाड बघा, सिंगापूरच्या 5 डॉलरच्या नोटेवर आहे ते. जंगलाचा सहा हेक्टरचा तुकडाही आहे, बाग 1859 मध्ये सुरू झाली त्याच्या आधीपासूनचा, डासांचं मलम लावून जा.

कमी काय म्हणाल तर पाट्यांवर शास्त्रीय नाव, कुळ आणि मूळ देश असतो पण लागवडीची माहिती फार कमी ठिकाणी आहे, माती कोणती, छाटणी कधी, हे आपणच बघून ताडायचं. साडेसात लाखांच्या आसपास वाळवलेले नमुने असलेलं हर्बेरियम इथेच आहे पण ते संशोधकांसाठी, आपल्याला सहज आत जाता येत नाही, ह्याची मला खरंच हळहळ वाटली. खाणं महाग, शाकाहारी असाल तर डबा घेऊनच जा, हिरवळीवर बसून खाता येतं. आणि झाडं विकत घ्यायचा मोह झाला तर आवरा, भारतात रोप आणायला आधी परवाना आणि तिकडच्या सरकारचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं.

लहान मुलं बरोबर असतील तर त्यांच्यासाठी जेकब बॅलस गार्डन वेगळं आहे, ते सोमवारी बंद, आणि औषधी वनस्पतींचं हीलिंग गार्डन मंगळवारी बंद, म्हणून हे दोन वार टाळा. शनिवारी सकाळी स्वयंसेवक फुकट फिरवून आणतात, इंग्रजी समजत असेल तर तोच दिवस धरा.