वरीड की अँक्शस?
नागपुरात सीताबर्डीच्या इंग्रजीच्या क्लासमध्ये मुली हमखास विचारतात, ‘वरीड’ (worried) लिहू की ‘अँक्शस’ (anxious)?

काटोलच्या संत्र्याच्या बागेत आंबिया बहार धरलाय, आभाळ भरून आलंय, गारा पडतील म्हणून बाबांच्या जिवाला घोर लागलाय: ‘वरीड’. कारणावर बोट ठेवता येतं. रोजच्या बोलण्यात मी हाच शब्द सुचवते.

निकालाच्या आदल्या रात्री पोटात गोळा येतो, ती धाकधूक ‘अँक्शस’. मुळात दोन्ही शब्द गळा आवळण्यावरूनच आलेत, पहिला जुन्या इंग्रजीतून, दुसरा लॅटिनमधून. आपला जीव टांगणीला लागतो, इंग्रजांचा गळ्याशी येतो!

पण ‘अँक्शस टू मीट यू’ जपून वाचा. तिथे भेटायची भीती नाही. भेटायला जीव आतुर झालाय. ‘वरीड’ला हा अर्थ नाहीच.