गाडीत ऐकायला मराठी ऑडिओ बायबल, पुणे-नगर रोडवाल्यांसाठी खास

पुणे-नगर रोडवर कायम ये-जा करणाऱ्या आपल्या ख्रिस्ती भावाबहिणींसाठी मुद्दाम लिहितोय. ॲपचं नाव बायबल डॉट इज, फ्री आहे, अमेरिकेतल्या फेथ कम्स बाय हिअरिंग नावाच्या संस्थेचं आहे आणि त्यात मराठी नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, ऐकायला मिळतो. नुसतं एकसुरी वाचन नाही, वेगवेगळे आवाज आहेत, मागे म्युझिक आहे, त्यामुळे कुणीतरी समोर बसून सांगतंय असं वाटतं. घरच्या वायफायवर डाउनलोड करून ठेवा म्हणजे मधेच रेंज गेली तरी चालू राहतं.

आता गाडीत काय लावायचं, तर माझं ऐकाल तर नव्या करारातलं याकोबाचं पत्र. पाचच अध्याय आहेत, वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये आरामात अख्खं ऐकून होतं, आणि खरं सांगतो या रोडसाठी याच्यापेक्षा भारी काही नाही. पहिल्याच अध्यायात ऐकायला तत्पर, बोलायला सावकाश आणि रागाला मंद असा म्हणून सांगितलंय, आणि तिसऱ्या अध्यायाचा बराचसा भाग तर जिभेवरच आहे, घोड्याच्या तोंडातला लगाम, एवढं मोठं जहाज वळवणारं लहानसं सुकाणू, आणि मग ते वाक्य येतं की एकाच तोंडातून स्तुती पण निघते आणि शाप पण, असं व्हायला नको. हे स्टिअरिंग हातात असताना ऐकलं ना की जे लागतं ते चर्चमध्ये बाकावर बसून लागत नाही.

मागच्या वेळी शिक्रापूरच्या चौकात नेमका हाच भाग चालू होता. चाकणकडून येणारे कंटेनर आडवे, कुणी हलायला तयार नाही, आणि राँग साइडने एक टू-व्हीलरवाला थेट बोनेटसमोर घुसला, मागे बायको, तिच्या मांडीवर लहान मूल. मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू. शेजारी आई बसलेली, ती एवढंच म्हणाली, "जाऊ दे रे त्याला, लेकरू आहे." मी ब्रेकवर पाय ठेवून हात केला, तो गेला. राँग साइडने येणं चूकच आहे, कायद्याने पण धोकादायक ड्रायव्हिंग आहे, पण त्या क्षणाला त्याला धडा शिकवायचं काम प्रभूने माझ्याकडे दिलेलं नव्हतं, लेकरू सुखरूप पलीकडे जाणं महत्त्वाचं होतं.

आपल्यापैकी कितीतरी जणांच्या गाडीच्या मागच्या काचेवर येशूचं नाव असतं, आरशाला क्रूस लटकलेला असतो. मागचा माणूस तुमचं चर्च बघत नाही, तुम्ही कट कसा मारता, अपर-डिपर किती देता ते बघतो. तीच तुमची साक्ष. गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात आत्म्याच्या फळात सहनशीलता आहे, ती रविवारी दोन तासांपुरती नाहीये.

याकोबाचा पाचवा अध्याय पण सोडू नका, शेतकरी पिकासाठी धीर धरून पावसाची वाट बघतो असं त्यात आहे, आणि आमच्या नगरकडच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही!

लांब जायचं असेल तर मार्क लावा, येशूचं जीवन सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांतलं सगळ्यात छोटं आहे, सोळा अध्याय, पुण्याहून नगरला पोचेपर्यंत ऐकून होतं. पौलाने लिहिलेलं रोमकरांस पत्र मात्र गाडीत नको, त्याचा मुद्दा लांबत जातो, लक्ष एक तर रोडवर राहतं नाहीतर पत्रावर, ते घरी शांतपणे ऐका. मुलं मागे असतील तर डोंगरावरचं प्रवचन, मत्तय पाच ते सात, त्यांना आवडतं.

एक महत्त्वाचं, अध्याय लावायचा तो गाडी सुरू करायच्या आधी. चालवताना मोबाईल हातात धरणं मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीपासून धोकादायक ड्रायव्हिंगमध्येच धरलं जातं, आणि देवाचं वचन लावायला म्हणून स्क्रीनवर बोटं फिरवत गाडी चालवायची हे कुठल्याच हिशोबात बसत नाही. झोप येत असेल तर ऐकत बसू नका, सरळ रांजणगावला गाडी बाजूला घ्या आणि चहा प्या.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा एवढ्यासाठीच की काच खाली असली आणि बाजूने ट्रक चालला असला की म्युझिकमध्ये हळू आवाजातली वाक्यं ऐकू येत नाहीत, तेव्हा काचा बंद ठेवूनच ऐका.