ठाणे ते वाशी कॉलेज: लोकलचा पास की बाईक?

आधी पेट्रोल. जाऊन-येऊन साधारण ४० किलोमीटर, बाईक ४५ चं अ‍ॅव्हरेज देते असं धरलं आणि लिटरला शंभर रुपये लावले, तरी २२ दिवसांचे जवळपास दोन हजार. पार्किंग, ऑइल, टायर वेगळे. शिवाय पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचलं की पहिलं लेक्चर गेलंच म्हणायचं.

ट्रान्स-हार्बरचा, म्हणजे ठाणे-वाशी लोकल मार्गाचा, सेकंड क्लास विद्यार्थी पास बाईकच्या दोन-तीन दिवसांच्या पेट्रोलात निघतो. कॉलेज ऑफिसातून कन्सेशन फॉर्म घ्या, तिथेच उभं राहून स्टेशनांची नावं, जन्मतारीख आणि शिक्का तपासा. खाडाखोड दिसली की खिडकीवरून परत पाठवतात. फॉर्मची मुदतही थोड्याच दिवसांची. तीन महिन्यांचा पास स्वस्त पडतो, पण मध्ये सुट्टी येत असेल तर महिन्याचाच बरा. घाईत पनवेल गाडीत चढलात तर तुर्भ्याला उतरून वाशी गाडी पकडा.

बाईक परवडते ती घर स्टेशनपासून लांब असेल तेव्हा, आणि तीही स्टेशनपर्यंतच. पे अँड पार्कमध्ये मासिक पास आहे का, हेल्मेटचे वेगळे पैसे लागतात का, हे आधी विचारा. फुकटात रस्त्यावर लावाल तर टोइंगवाले आहेतच.